मगदूम अण्णांचं गोल्फ

मगदूम अण्णा गोल्फ क्लबाचे मेंबर होणार, ही बातमी सांगलीत आमच्या वखारभागात आली तेव्हा लोक पोट धरून हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते स्वतः अण्णाच. मला म्हणाले, "बाई, एवढा लांबनं मारत मारत आणल्याला चेंडू शेवटी भोकात घालायचा म्हणं. मग आणला कशाला?"

अण्णा म्हणजे धन्यकुमार मगदूम. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत. त्यांच्या आणि माझ्या घरात एक भिंत. मी शकुंतला, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, म्हणून सगळ्या पेठेची बाई. नवरा गेल्यापासून मी त्या भिंतीपलीकडच्या दोघांच्या, अण्णांच्या आणि त्यांची बायको राजमतीवहिनींच्या, आधारानं जगत आले आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. उन्हाळ्यात त्यांचे पापड मी लाटायचे आणि माझे ते खायचे, असा आमचा व्यवहार.

अण्णांची नखं कायम पिवळी. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय भाव बोलायचा नाही, ही त्यांची सवय; त्यामुळे दुकानात साडी घ्यायला गेले तरी तिचा काठ दोन बोटांत धरून वाकवून बघत. बोलायला फटकळ, मनानं मेणासारखे. आणि धर्माच्या बाबतीत, स्पष्टच सांगते, थोडे लबाड. जैन घरात कांदा वर्ज्य, पण यार्डामागच्या गाड्यावर कांदाभजी खाऊन, वर मूठभर बडीशेप चावून ते घरी यायचे. राजमतीवहिनी दारातच म्हणायच्या, "आज बडीशेप लय खाल्लीसा?" एवढंच. पुढं एक अक्षर नाही.

राजमतीवहिनी वेगळ्या मातीच्या. त्यांच्यात व्रताचे दोन प्रकार असतात. मुदतीचं असलं, म्हणजे चातुर्मासापुरतं किंवा वर्षापुरतं, तर तो नियम. मरेपर्यंतचं असलं तर तो यम. यम म्हटलं की मला आधी रेडा आठवतो, असं मी म्हणायची आणि वहिनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. पण त्यांनी तरुणपणीच एका माताजींसमोर, म्हणजे जैन साध्वीसमोर, हात जोडून तीन यम घेतले होते. दिवस मावळल्यावर खायचं नाही. जमिनीखालचा कंद खायचा नाही. आणि हिरव्या गवतावर पाय ठेवायचा नाही, कारण पात्याला जीव असतो आणि पात्याखाली राहणाऱ्या किड्यामुंगीलाही असतो.

पहिले दोन सोपे. तिसरा यम किती जड असतो ते मी त्यांच्या पुतणीच्या लग्नात बघितलं. हल्ली लग्नं लॉनवर लागतात. वहिनी कडेच्या फरशीवरून, आचाऱ्यांच्या शेडमागून, जनरेटरला वळसा घालून स्टेजपाशी पोचल्या तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. अण्णा सरळ हिरवळ तुडवत कधीच पुढं जाऊन बसलेले, आणि वर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आमची मंडळी मिरजेवरनं यायला लागलीया." वहिनींनी येऊन त्यांच्या पाठीत हळूच एक चिमटा काढला. असं त्यांचं चाललं होतं आणि छान चाललं होतं.

मग वहिनी विसरायला लागल्या. आधी डब्यांची झाकणं, मग गॅस, मग नावं. डॉक्टर म्हणाले, हे उतरतच जाणार, औषध फक्त वेग कमी करेल. नावं विसरल्या ते अण्णांनी सोसलं. पण नंतर त्यांचे पाय थांबेनात. सकाळी उठल्यापासून घरात फेऱ्या, आणि दार उघडं दिसलं की बाहेर. एकदा कृष्णेच्या घाटावर सापडल्या, एकदा मिरजेच्या स्टँडवर, एकदा भर रस्त्यात ट्रकसमोर. त्या दिवशी अण्णांनी दाराला आतून कुलूप घातलं.

त्यानंतर भिंतीपलीकडून जे ऐकू यायचं ते कुणी ऐकू नये. वहिनी दाराची कडी वाजवायच्या, तासन्‌तास. "मला सोडा की वो. मला माझ्या घरला जायाचंय." अण्णा म्हणायचे, "हेच घर हाय, राजमती." त्या विचारायच्या, "तुमी कोण, काका?" ज्या माणसाच्या नुसत्या मान हलवण्यावर यार्डात पोती हलायची, त्याला स्वतःच्या बायकोला आपण कोण ते पटवता येत नव्हतं. मी इकडे कुकरची शिट्टी होऊ द्यायची, म्हणजे तेवढा वेळ तरी ते कानावर यायचं नाही.

याच सुमाराला मुलानं, भरतेशनं, गोल्फचं काढलं. भरतेश साताऱ्यात असतो. औद्योगिक वसाहतीत त्याचा यंत्रांचे भाग बनवायचा कारखाना आहे, आणि ज्या कंपन्यांना तो माल देतो त्यांचे साहेब पाचगणीच्या बाजूला डोंगरात एका खासगी क्लबात गोल्फ खेळतात. मेंबर व्हायला शिफारस लागते. ती त्याला मिळाली होती. क्लबाची एक पद्धत बरी होती, आधी महिनाभर पाहुणे म्हणून यायचं, मग ठरवायचं. अण्णांनी फोनवरच त्याला झापलं. "तुला काय पी हळद आन हो गोरी झालंय का? काठी हातात धरली की साहेब झाला!"

"अण्णा, माझ्यासाठी नाही म्हणत," भरतेश म्हणाला. "घरच्या सगळ्यांना मिळून मेंबरशिप असते. ते केवढं तरी मोठं मैदान आहे आणि चारी बाजूंनी कुंपण आहे. आत मोटार नाही, ट्रक नाही, कुत्रं नाही. आईला कुलूप न लावता सोडता येईल."

अण्णांनी फोन कानावरून काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी चला. तिला बाथरूमला न्ह्यायला बाईमाणूस लागंल." भरतेशची बायको श्रद्धा दिवसभर नोकरीवर, म्हणून मी पिशवी भरली. आम्ही तिघं महिनाभरासाठी साताऱ्याला भरतेशच्या घरी गेलो. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती.

पहिल्या दिवशी क्लबाचा मॅनेजर, वीरधवल नावाचा अदबशीर तरुण, आम्हाला सगळं समजावून गेला. शनिवार-रविवार सोडून इतर दिवशी चारनंतर खेळणारे परततात, मग खुशाल फिरा. बॅटरीच्या छोट्या गाड्यांसाठी एक अरुंद डांबरी वाट मैदानभर फिरली होती. वहिनी त्या वाटेवरून चालायला लागल्या, अण्णा त्यांच्या शेजारून, मी मागून. अण्णांची नजर कुंपणावर. तार कुठं तुटलीय का, फाटक कुठं उघडं आहे का. मीही तेच बघत होते. गोल्फ म्हणजे गवत, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण अण्णांच्या, माझ्या आणि भरतेशच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

एका वळणावर वहिनींनी चपला काढल्या आणि गवतावर पाय ठेवला.

"राजमती!" अण्णा ओरडले. "गवत हाय!"

वहिनींनी खाली बघितलं, मग अण्णांकडे. "गार लागतंय," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मग त्या चालत सुटल्या, पदर वाऱ्यावर, दोन्ही हात मोकळे, उतारावरून खाली, चढावरून वर. कुणी अडवलं नाही, कुठं दार आडवं आलं नाही. अण्णा त्यांच्यामागे गवतातून गेले, पण त्यांचा चेहरा चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला होता.

त्या संध्याकाळी वहिनींनी कडी वाजवली नाही. दिवस असतानाच मैदानावर डब्यातलं जेवल्या होत्या, घरी येऊन बाळासारख्या झोपल्या. भरतेशचा आनंद पोटात मावेना. "अण्णा, आता विचार करायचाच नाही. आपण घेऊ."  दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते तर अण्णा समोर येऊन बसले.

"बाई, जेवणाचं मी सांभाळतो. दिवस हाय तवर भरवतो. बटाटा उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाई. मी सुदिक कांदा सोडला, कारण तिच्यासाठी राखायचं तर नीट राखावं. ह्ये एकच ऱ्हायलं हुतं. ते मी मोडलं."

"तुम्ही कुठं मोडलंत? त्यांना आठवत नाही, त्यांनी पाय ठेवला. झालं."

"आन तिला तिथं न्हेलं कुणी? आमच्यात करणारा, करवणारा आन बरं म्हणणारा, तिघांना पाप सारखंच."

"मग बरं म्हणणारी मी," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

"तिला काय पाहिजे म्हणून बघावं, तर ती कुठली धरायची, बाई? आत्ताची, का आधीची? आधीचीनं डोळं वटारलं असतं. आत्ताची हसतीया."

 मी निवडलेली मेथी पुन्हा निवडत बसले.

अण्णांनी मग न नेण्याचा प्रयत्न करून बघितला. एक आठवडा क्लब बंद. वहिनींनी साताऱ्याच्या घराचं दार धरलं. मी औषध लावायला गेले तर कडी वाजवून त्यांच्या हातांच्या तळव्यांची कातडी सोललेली. "मला सोडा की वो, काका." अण्णा देवासमोर जाऊन बसले, उठले, परत बसले, मग स्वतःच भरतेशला म्हणाले, "गाडी काढ."  मैदानावर वहिनी पुन्हा हसल्या, आणि अण्णा त्या हसण्याकडे बघून डोळे पुसत होते. त्यांना धड रागावता येत नव्हतं, धड सुखावता येत नव्हतं.

दोन दिवसांनी ते एकटेच सांगलीला जाऊन आले. हळद बघायची आहे म्हणाले. परत आले ते हलके होऊन. तोंडावर बऱ्याच दिवसांनी तकाकी. चहा घेताना मला म्हणाले, "बाई, तिढा सुटला. मी तिचा यम उचलला."

"म्हणजे?"

"यार्डात एखाद्या अडत्यानं शब्द दिला आन तो अंथरुणाला खिळला, तर शेजारच्या अडत्यानं तो शब्द उचलायचा. शब्द बेवारस सोडायचा न्हाई, अशी आमची पद्धत. मंदिरात उपाध्यांना म्हणालो, राजमतीचा गवताचा यम आता माझ्यावर. उपाध्ये म्हणालं, असं एकाचं दुसऱ्याला घेता येत न्हाई. घ्यायचा तर तुमचा तुमी घ्या. मग माझा मी घेतला."

"मुदतीचा ना?"

"मुदतीचा कसा? तिचा मरेपर्यंतचा हुता."

 मी पटकन बोलून गेले. "अहो अण्णा, पण मग तिथं त्यांच्याबरोबर गवतातून चालणार कोण?"

अण्णांचा कप ओठापाशी थांबला. खरं सांगते, हा विचार त्या माणसाच्या मनाला शिवलाही नव्हता. हळदीचं हळकुंड मोडल्याशिवाय भाव न बोलणारा माणूस, आणि जन्माचा सौदा न बघता करून आला होता. कप खाली ठेवून म्हणाले, "तुमी हाय की. मी वाटंवरनं चालतो. दिसतीया की ती."

तेव्हापासून आमची वरात अशी निघायची. गवतातून वहिनी, त्यांच्यामागे दुखऱ्या गुडघ्यानं मी, आणि डांबरी वाटेवरून अण्णा. पण ती वाट गाड्यांसाठी केलेली. ती काही वहिनींच्या मनाप्रमाणे वळत नव्हती. वहिनी उजवीकडे गेल्या की वाट डावीकडे. अण्णा धावत सुटायचे, पुढचं वळण गाठायचे, टाचा उंचावून बघायचे. वहिनी चढापलीकडे गेल्या की ओरडायचे, "बाई, दिसती का वो?" मी हात हलवायचा. उशिरा परतणारे एखाददुसरे साहेब काठ्या खांद्यावर टाकून त्यांच्याकडे बघत राहायचे. गांधी टोपीतला म्हातारा डांबरावरून पळतोय आणि गवतावर पाय ठेवत नाहीये, हा कुठला खेळ, ते त्यांना कळत नसावं.

पाहुणेपणाचा शेवटचा दिवस आला. क्लबाला हो की नाही ते सांगायचं होतं. जाताना भरतेश म्हणाला, "अण्णा, आज ठरवू. तुम्ही म्हणाल तसं." अण्णा म्हणाले, "बघू." यम स्वतः घेतला तरी तिचा सुटलाय असं मन म्हणत नव्हतं, म्हणून त्यांचं अजून ठरत नव्हतं. नेलं तर तिचं व्रत मोडतं, न नेलं तर तिचे तळवे सोलतात.

ऊन उतरलं होतं. वहिनी मैदानाच्या मध्यापर्यंत गेल्या होत्या, मी गुडघ्यामुळे मागे पडलेली. अचानक त्या थांबल्या. वळून इकडे तिकडे बघायला लागल्या, बाजारात हात सुटलेलं माणूस शोधतात तसं. मला वाटलं मला शोधताहेत, म्हणून मी हात वर केला. त्यांची नजर माझ्यावरून पुढं गेली आणि वाटेवर उभ्या अण्णांवर थांबली.

"आवं!" वहिनींनी हाक मारली.

काका नाही. आवं. तो आवाज मी भिंतीपलीकडून तीस वर्षं ऐकला होता, जेवायला वाढल्यावरचा, पाहुणे आल्यावरचा.

"आवं, तिकडं कडंला काय हुभं ऱ्हायलाय? या की हिकडं!" आणि त्यांनी हात पुढं केला.

 शेजारी उभा असलेला भरतेश म्हणाला, "जा ना अण्णा! बोलावतीय ती तुम्हाला. जा!" मीही ओरडले, "या हो अण्णा!" देवाधर्माचं मला काही वाटलं नाही त्या क्षणी. अण्णांनी चपला काढल्या. एक पाय उचलला.  त्यांनी तो परत डांबरावरच ठेवला.

"राजमती," ते म्हणाले, "तूच ये. हिकडं ये माझ्याकडं."

"नगं. हितं गार हाय. या की तुमी."

जन्मभर बडीशेप चावून घरी आलेला माणूस. स्वतःसाठी म्हणून घेतलेला एक नियम त्यानं धड पाळला नसेल. हा एकच होता जो त्याला मोडता येत नव्हता, कारण तो तिचा होता, आणि तीच समोर उभी राहून मोड म्हणत होती. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मला रडूच फुटलं.

वहिनींचा हात थोडा वेळ तसाच पुढं होता. मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. आपण हात पुढं का धरलाय ते न कळून त्या हाताकडेच बघत राहिल्या आणि त्यांनी तो खाली घेतला. मी पोचून तो हातात घेतला. त्यांनी वाटेकडे बोट दाखवलं.

"ते काका कोण वो? का रडायला लागल्यात?"

परतताना गाडीपाशी भरतेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, नकोच हे. अण्णांना सोसणार नाही. मी मॅनेजरला नाही म्हणून सांगून येतो." अण्णांनी ते ऐकलं.

"हो म्हणून सांग," ते म्हणाले.

"अण्णा, पण तुम्हाला तिच्याजवळ जाता येणार नाही."

"न्हाई येणार. पण घरात तिनं एकदा तरी आवं म्हणलंय का? हितं म्हणली. परत म्हणंल."

अण्णा आता क्लबाचे मेंबर आहेत, आणि दोघं साताऱ्यालाच राहतात. आठवड्यातून दोनदा ते त्या वाटेवर उभे असतात. मी महिन्यातून एखादी फेरी करते. परत हाक आली तर जाल का, असं मी एकदाच विचारलं. "ते मला इचारू नका, बाई," म्हणाले. वहिनी गवतातून चालतात, हसतात, कधी वाटेकडे बघून हातही हलवतात. हाक मात्र त्यांनी अजून मारलेली नाही.